कस आणि घडण : एका अंगठीच्या निमित्ताने

मराठीच्या वर्गात आपण रोज सोनाराची भाषा बोलतो. कवितेला निकष लावतो, कथेचा घाट पाहतो, व्यक्तिरेखेचे पैलू उलगडतो, प्रसंगात माणसाचा कस लागला असे म्हणतो, दिवंगताच्या आठवणींना उजाळा देतो आणि एखाद्या पुस्तकावर फारच रागावलो तर त्याला हिणकस ठरवून मोकळे होतो. यांतला प्रत्येक शब्द सराफाच्या पेढीवरून किंवा सोनाराच्या ऐरणीवरून आपल्याकडे आलेला आहे. मी हे शब्द सत्तावीस वर्षे शिकवीत आले. त्यांच्यामागच्या वस्तू मात्र मी कधी नीट पाहिल्या नव्हत्या. त्या मला दोन अंगठ्यांनी दाखवल्या. त्यांतली एक बिघडली, एक साधली.

पहिली पाचूची. आईच्या बोटांचे सांधे संधिवाताने सुजू लागले तशी ती अंगठी निघेना. साबणाच्या पाण्याने कशीबशी काढली आणि शहरातल्या एका मोठ्या दुकानात वाढवायला दिली. आठवड्याने परत आली ती चकचकीत होऊन. बोटात सहज गेलीही. पण पाचूच्या पोटात पांढुरक्या रेषांचे जाळे दिसू लागले होते आणि मागच्या बाजूचे कडे हाताला पातळ लागत होते. मी तक्रार घेऊन गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने अंगठी तपासणीच्या यंत्रात ठेवली आणि पडद्यावरचा आकडा माझ्याकडे वळवला : ९१.७. सोने पुरते बावीस कॅरटचे आहे, बाईसाहेब, हवे तिथे तपासून घ्या, असे ते म्हणाले.

मी गप्प झाले. त्यांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते, हे घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. मी विचारत होते घडणीबद्दल, ते सांगत होते कसाबद्दल. आईने काही न बोलता अंगठी घातली आणि खडा तळहाताच्या बाजूला फिरवून ठेवला. पुढे ती होती तोवर तो तसाच असायचा.

मी अशी निरुत्तर का झाले, याचा विचार करताना मला वाटू लागले की यात आपल्या शब्दांचाही हात आहे. 'कस' हा शब्द संस्कृत 'कष'वरून आला. त्याचा अर्थ घासणे. सोने काळ्या दगडावर घासायचे, उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या सोन्याच्या रेघेशेजारी ठेवून पाहायची, वर तेजाबाचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोने चांगले, विरघळली तर त्यात भेसळ. हा दगड म्हणजे कसोटी. संस्कृतातला 'निकष' म्हणजेही हाच दगड. 'हिणकस' म्हणजे हीन कसाचे, 'बावनकशी' म्हणजे उत्तमात उत्तम कसाचे. आता यातली गंमत अशी की कसोटीच्या दगडाला दागिना दिसत नाही. त्याच्यावर उमटते ती फक्त धातूची रेघ. ती रेघ नथीची आहे, पाटलीची आहे की नुसत्या लगडीची, हे त्याला सांगता येत नाही. मग नथीचा तोल कसा साधला आहे, पाटलीचा सांधा कुठे आहे, हे तर दूरच.

आजच्या हॉलमार्कचेही तेच. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या ओळख-क्रमांकाशिवाय नवा दागिना विकता येत नाही. ही सोय ग्राहकाच्या फार भल्याची आहे. पण त्या शिक्क्यातले ९१६ एवढेच सांगते की हजार भागांत ९१६ भाग सोने आहे. काम चांगले की वाईट, याविषयी तो शिक्का मूक असतो. कामाचा हिशेब आपल्या भाषेने वेगळा ठेवला आहे, त्याला आपण घडणावळ म्हणतो. दुर्दैवाने ती बहुधा वजनावर आकारली जाते. त्यामुळे जड आणि ओबडधोबड दागिन्याची घडणावळ हलक्या आणि नाजूक दागिन्यापेक्षा जास्त होऊ शकते. (प्रबंधाची पाने मोजणाऱ्यांना यात काही ओळखीचे दिसले तर माझा इलाज नाही.)

दुसरी अंगठी आजीची, ग्वाल्हेरची. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली. सोबत एक मोडी पावती होती : पुष्कराजाची अंगठी, वजन खड्यासह साडेचार मासे. बारा माशांचा तोळा आणि जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ही अंगठी भरली साधारण ४.३७ ग्रॅम. आजीची बोटे बारीक, माझी तशी नाहीत. अंगठी पेराच्या गाठीवर अडायची. पहिल्या अनुभवानंतर दोन वर्षे मी ती कुणाच्या हाती दिली नाही. मग सराफ्यातल्याच एका स्नेह्यांनी मला मागच्या गल्लीत, लाकडी जिना चढून, एका वयस्क कारागिरांकडे नेले. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी-माळवी आणि हाताखालच्या बंगाली मुलांशी तिसरीच एक मिश्र बोली, असा त्यांचा दिवस असतो. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांच्यासमोर बसून काम पाहायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "बसा ताई. पूर्वी सगळेच बसायचे. आता कुणाला वेळ नाही."

पहिला प्रश्न मापाचा. मी बोट पुढे केले तर म्हणाले, "माप बोटाचं नसतं, गाठीचं असतं. पण गाठीचंच घेतलं तर खाली अंगठी फिरते. दोन्हींच्या मधलं घ्यायचं." सकाळी बोट बारीक असते, दुपारनंतर आणि उन्हाळ्यात फुगते, म्हणून त्यांनी मला दुपारी चारला पुन्हा बोलावले. आपल्या बाजारात अंगठीचा जो नंबर सांगतात त्यात चाळीस मिळवले की आतल्या परिघाचे मिलिमीटर साधारणपणे निघतात. आजीची अंगठी अकरा नंबरची, मला हवी चौदाची. म्हणजे परीघ ५१ वरून ५४ मिलिमीटरवर न्यायचा. तीन मिलिमीटर म्हणजे व्यासात एक मिलिमीटरहूनही किंचित कमी फरक. डोळ्यांना तो दिसणारही नाही, पण बोटाला लगेच कळतो.

मापाचा विषय निघाला की मला दोन गोष्टी आठवतात. एक शाकुंतलातली. शचीतीर्थाच्या पाण्यात अंगठी गळून पडते त्याचे खापर नाटकात शापावर फुटते. पण राजाच्या बोटासाठी केलेली अंगठी आश्रमकन्येच्या बोटात सैल होणारच, हे कुणाही सोनाराने पहिल्याच अंकात सांगितले असते. दुसरी गोष्ट नरहरी सोनारांची. विठ्ठलाचे तोंड न पाहण्याचा नेम असलेल्या या शिवभक्ताने सावकाराने आणून दिलेल्या मापावर देवाची सोन्याची कमरपट्टी घडवली. ती कधी सैल झाली, कधी आखूड. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले आणि हाताला लागली ती शिवाची चिन्हे. आपण ही आख्यायिका हरिहरांच्या ऐक्यासाठी शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण तिचा सांगाडा सोनाराच्या रोजच्या अडचणीचा आहे : दुसऱ्याने आणलेले माप चुकते. नरहरींच्याच अभंगात देहाला 'बागेसरी' म्हटले आहे. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. एका वर्षी वर्गात अर्थ विचारला तर एकमुखाने उत्तर आले, "राग, मॅडम!" मीही तेव्हा शेगडी पाहिलेली नव्हती, फक्त टीप वाचलेली होती.

अंगठी मोठी करायचे मुख्य मार्ग दोन. एक ताणण्याचा : निमुळत्या सळईवर चढवून ठोकत वाढवायची. यात धातू तेवढाच राहतो, म्हणून लांबी वाढली की जाडी घटते. साध्या वळ्याला अर्धा-एक नंबर हे चालते. खड्याच्या अंगठीला सहसा नाही, कारण ताण खड्याच्या घरापर्यंत पोचतो आणि नख्या सैल होतात. आईच्या अंगठीचे कडे पातळ का लागत होते, ते मला इथे समजले. दुसरा मार्ग कापण्याचा : खड्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला कडे कापायचे, उघडायचे, त्याच कसाचा आणि त्याच रंगाचा तुकडा मध्ये घालून झाळायचे. लहान करायची असेल तर तुकडा काढून टोके मिळवायची. दोन्हींत मर्यादा आहेच. कड्याची गोलाई बदलली की वरच्या घराची बैठकही थोडी बदलते, म्हणून दोन-तीन नंबरांच्या पुढे जाणकार माणूस हात आखडता घेतो. सगळ्या वेढ्याला खडे जडवलेले असतील तर कापायला जागाच नसते. अशी अंगठी माप बदलण्यापेक्षा नवी करणे बरे. बंद घराच्या जुन्या अंगठ्यांत खड्याखाली चमकीसाठी पातळ पत्रा, म्हणजे डाक, घातलेला असतो. त्यात पाणी किंवा तेजाब शिरले की खडा कायमचा काळवंडतो. आपल्या आज्या सैल अंगठीला मागून दोरा गुंडाळीत. त्याला आपण अडाणीपणा समजलो, पण खड्याला आच न लावता माप बदलण्याचा तो उपाय होता.

खरी भीती आचेची. मोती आणि पोवळे सजीवांपासून आलेले, ते आचेत करपतात आणि तेजाबात विरतात. पाचूच्या पोटात जन्मतःच बारीक भेगा असतात. व्यापारी त्या तेलाने भरतात, म्हणून खडा स्वच्छ दिसतो. शेगडीची आच लागली, किंवा कंप देऊन सफाई करणाऱ्या यंत्रात खडा पडला, की तेल निघून जाते आणि भेगा उघड्या पडतात. कधी त्या वाढतातही. आईच्या पाचूचे यांपैकी नेमके काय झाले ते आता कळणार नाही. "पाचूत जाळं असतंच," हे दुकानातले वाक्य खोटे नव्हते. ते आधी दिसत नव्हते आणि त्यांच्या हातून आल्यावर दिसू लागले, एवढाच माझा मुद्दा होता. तो मला मांडता आला नाही.

आणि पुष्कराज? इथे माझा शब्दकोश कामाला आला, तोही अनपेक्षितपणे. काकांनी विचारले, "हा कोणता पुष्कराज?" मला प्रश्नच कळला नाही. कोशांत पुष्कराजाचा अर्थ टोपाझ असा मिळतो. सराफ्यात मात्र पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, माणकाच्या जातीचा खडा. कुणी स्वस्तातला सुनेलाही, म्हणजे पिवळा स्फटिकही, त्याच नावाने खपवतो. तिन्ही पिवळे, पण तिघांचा स्वभाव वेगळा. नीलम बराच आचेला टिकतो. टोपाझ कठीण असूनही एका ठरावीक पातळीत सरळ चिरतो, आणि आच एकदम चढली-उतरली तर तडकतो. म्हणजे शब्दाचा अर्थ चुकला तर खडा फुटतो! आयुष्यभर शब्दार्थ शिकवून माझ्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

काकांनी शंकेला जागा ठेवली नाही. चार नख्या एकेक करून अलगद उचलल्या, खडा काढला, कागदाच्या घडीत ठेवला आणि समोरच्या तपासनिसाकडे मुलाबरोबर पाठवला. खडा हवेत भरला ९०० मिलिग्रॅम, पाण्यात ६४५. फरक २५५, म्हणजे तो आपल्या आकाराच्या पाण्याच्या सुमारे साडेतीनपट जड. नीलम चौपट असतो, स्फटिक अडीचपटीहून थोडा अधिक. मुलगा परत आला तो जरा ओशाळून. "दीदी, यह पुखराज नहीं है, टोपाज़ है." किमतीच्या दृष्टीने बातमी वाईट होती. मला मात्र हसू आले. ग्वाल्हेरच्या त्या सराफाने पावतीत कोशाला धरूनच लिहिले होते. आजी फसली नव्हती.

खडा बाजूला गेल्यावर काम मोकळेपणाने सुरू झाले. केसासारख्या पात्याच्या करवतीने कडे कापले. बावीस कॅरटचा तुकडा, दोन मिलिमीटर रुंद, दीड जाड, तीन लांब. टोके कानशीने अशी घासली की तुकडा झाळण्याआधीच नुसता अडकून राहावा. यात सर्वांत जास्त वेळ गेला. "जोड झाळेनं होत नाही ताई, कानशीनं होतो. झाळ फक्त धरून ठेवते." मग टाकणखाराचा लेप, त्यावर झाळेचे कण आणि फुंकणीची निळी जीभ. टाकणखार म्हणजेच हिंदीतला सुहागा. 'सोने पे सुहागा' या म्हणीतला सुहागा सौभाग्याचा नसून शेगडीवरचा आहे, हे आमच्या इंदूरच्या मुलांना सांगितले की ती दचकतात. त्या जागी मराठी 'सोन्याला सुगंध' म्हणते. ते कानाला गोड लागते, पण त्यात सोनाराचे दुकान नाही.

झाळ दागिन्याच्या सोन्याआधी वितळली पाहिजे, नाहीतर जोडाबरोबर दागिनाही वितळेल. म्हणून जुन्या पद्धतीच्या झाळेत तांबे-चांदी जास्त असे आणि अनेकदा झाळलेला दागिना आटवला की कस उतरलेला निघे. पुढे कॅडमियमची झाळ आली, तीच 'केडीएम' नावाने मिरवली. तिने कस राखला, पण तिचा धूर कारागिराच्या फुप्फुसात गेला, म्हणून ती बाद झाली. गिऱ्हाइकाच्या कसाची किंमत कोण मोजते, याचे हे एक उदाहरण. त्या माडीवर खिडकीत लावलेला पंखा बाहेरच्या दिशेने का फिरतो, ते मला तेव्हा कळले.

काम झाल्यावर काकांनी अंगठी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग माझ्या हातात दिले आणि काहीही न बोलता चहा सांगितला. आपण विद्यार्थ्याच्या हाती उत्तरपत्रिका परत देतो तसेच, फक्त इथे परीक्षक मी व्हायचे होते. आधी मी वरची बाजू पाहू लागले. त्यांनी मान हलवली. "पुढून सगळेच चांगलं करतात. पाठ बघा."

पाठ म्हणजे आतली बाजू, जी घालणाऱ्यालाही दिसत नाही. तिथे कानशीचे ओरखडे राहिले आहेत का, झाळेचा थेंब वाळलेल्या गोंदासारखा साठला आहे का, टोचेल अशी कड आहे का, हे पाहायचे. मग जोड. उजेडात फिरवून काळसर रेघ किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात का ते बघायचे. दिसली नाहीत तर तोंडाची वाफ धरायची. झाळेचा धातू थोडा वेगळा असल्याने वाफ विरताना जोडाची रेघ क्षणभर उमटू शकते. माझ्या अंगठीत ती उमटली, दोन केसांएवढ्या दोन रेघा. काका म्हणाले, "इतकी राहणारच. जोड नाहीच असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका." मग सळईवर चढवून उजेडासमोर धरायची. कड्याआडून कुठे फट दिसली तर गोलाई बिघडली आहे. मग जाडी, जुन्या भागाची आणि नव्या तुकड्याची. जोड लपवण्यासाठी पुष्कळ घासले की दोन्ही बाजूंचे कडे बारीक होते आणि काही वर्षांनी नेमके तिथेच वाकते. नख्यांसाठी रेशमी पदर घ्यावा. धागा अडकला तर नखी नीट बसलेली नाही. शेवटी अंगठी कानाजवळ धरून हलवायची. खडा बोलला तर तो सैल आहे.

वजनाचा ताळा मी स्वतः केला, कारण तेवढे गणित मला येते. दोन गुणिले दीड गुणिले तीन म्हणजे नऊ घन मिलिमीटर. बावीस कॅरट सोन्याच्या प्रत्येक घन मिलिमीटरचे वजन सुमारे १७.७ मिलिग्रॅम. म्हणजे घातलेले सोने जेमतेम ०.१६ ग्रॅम. खड्याशिवाय अंगठी आधी ३.४६ भरली होती, आता ३.५९. घासण्यात तीन शतांश ग्रॅम गेले. ते त्या माडीच्या केरात असतील आणि कधीतरी झारेकरी तो केर विकत घेऊन धुईल. तीन नंबर वाढवण्यासाठी 'अर्धा ग्रॅम सोने लागले' असे कुणी म्हणाले तर हा हिशेब शांतपणे पुढे ठेवावा. इतके सगळे पाहून झाले तेव्हा माझ्या ध्यानात आले की या तपासणीत कसोटीचा दगड एकदाही बाहेर आला नव्हता.

ही गोष्ट मला आपल्या कामाविषयी अस्वस्थ करते. आपल्या समीक्षेत घडणीला शब्द नाहीत असे नाही : घाट आहे, बांधणी आहे, वीण आहे. पण वाद निघाला की आपण दुकानातल्या त्या गृहस्थांसारखे पडद्यावरचा आकडा पुढे करतो. कथा मध्येच मोडली आहे असे कुणी म्हटले तर उत्तर येते, 'अनुभव अस्सल आहे.' असेलही. सोने बावीस कॅरटचे होतेच की! नकली मुलाम्याची आपल्याला इतकी भीती वाटते की झिलईलाही आपण मुलामा समजतो. मुलामा बाहेरून दुसऱ्या धातूचा चढवतात, तर झिलई त्याच धातूला घासून आणतात. 'भाषेची झिलई' हे शब्द अलीकडच्या परीक्षणांत बहुधा दोष म्हणून येतात. सोनाराच्या दृष्टीने तो दोष नव्हे, शेवटचे काम आहे.

जोडाचा प्रश्न तर आपल्या परंपरेत फार जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मध्ये शिरलेली भर ओळखूनच. भर ओळखताना त्यांनी कस पाहिला असेल आणि जोडही पाहिला असेल. प्रक्षिप्त ओवी कधी हिणकस असते म्हणून सापडते, कधी चांगली असूनही तिच्या कडा आजूबाजूला बसत नाहीत म्हणून. दुसऱ्या तपासणीला भिंग लागते आणि वेळ लागतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठीला या कसाच्या मोजमापाचा जाच जरा अधिकच झाला आहे. इंदूरचे पुस्तक पुण्यात गेले की पहिली रेघ ओढली जाते ती भाषेच्या शुद्धतेची : यात हिंदी किती मिसळली आहे? गोव्यातल्या, बेळगावच्या, बडोद्याच्या मित्रांचेही अनुभव याहून फार निराळे नसावेत. आपणही मग संमेलनांत शुद्धतेची प्रमाणपत्रे दाखवत बसतो. मी काकांना एकदा विचारले की शंभर नंबरी सोन्याची अंगठी का करत नाहीत. ते म्हणाले, करता येईल, पण नख्या मऊ पडतील, खडा पडेल. बावीस कॅरटमध्ये बारा भागांतला एक भाग दुसरा धातू असतो. हिऱ्यांच्या कामाला अठरा कॅरट घेतात, म्हणजे चौथा हिस्सा इतर धातू. खडा धरायची ताकद त्या मिसळीतून येते. सोनार मिसळीला 'खोट' म्हणतो हे खरे, पण तो ती मोजून घालतो. कुठे किती घालायची हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून दागिना बिघडतो, आणि तसा बिघडलेला मजकूर आमच्याकडेही पुष्कळ छापला जातो, हे मी नाकारत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो कोंदणाचा. हिंदीत 'कुंदन' म्हणजे शुद्ध केलेले सोने, तो धातूचा शब्द. मराठीत 'कोंदण' म्हणजे खडा ज्यात बसतो ती जागा, तो कामाचा शब्द. दोघांचे नाते त्या जुन्या जडावकामात दिसते. अतिशुद्ध सोन्याचे पातळ पान खड्याभोवती थरावर थर दाबत जायचे. शुद्धतेमुळेच ते इतके मऊ असते की आचेशिवाय, झाळेशिवाय, नुसत्या दाबाने स्वतःशी एकजीव होते. तिथे कस आणि घडण वेगळे काढता येत नाहीत. आमच्या वर्गातली मुले 'कोंदण' ऐकतात आणि वहीत 'कुंदन' लिहितात. मी इतकी वर्षे ते लाल शाईने खोडत आले. आता खोडण्याआधी दोन मिनिटे दोन्ही शब्दांवर बोलते.

आईच्या पाचूची अंगठीही मी काकांना दाखवली. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिली. तेल पुन्हा भरता येईल, दिसायला बरे दिसेल, पण भेग बुजणार नाही आणि कडे नवे करावे लागेल, म्हणाले. मी अजून काही ठरवलेले नाही.

यंदा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी निबंधाऐवजी एक काम दिले : घरातला एखादा जुना दागिना मागून घ्या, तो पालथा करा आणि पाठीवर जे दिसते ते दहा वाक्यांत लिहा. सुंदर, अप्रतिम, मौल्यवान हे तीन शब्द वापरायचे नाहीत. बऱ्याच जणांनी वजन आणि किंमत लिहिली. एका मुलीने, जिच्या घरी माळवीच बोलतात, आजीच्या पाटलीविषयी लिहिले : 'जोड दिसत नाही, पण हाताला लागतो.' त्यात 'जोड' पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर वर्गात वाद झाला. दोन्ही मिळतात, असे कोश उघडून सांगितले आणि पुढच्या बुधवारी दुपारी चार वाजता सगळ्यांना सराफ्यात यायला सांगितले आहे. रात्रीच्या चाटच्या गाड्या लागण्याआधी.